पहिलाच मॉडेल रेल्वे लेआउट: माडीवर १४ फुटांची भिंत आहे, कुठून सुरुवात करू?

चिरेबंदी (२ फेब्रुवारी, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

गाव संगमेश्वर तालुक्यात. कोकण रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा मी शाळेत होतो. डोंगरात सुरुंग उडाला की गुरुजी खडू थांबवून म्हणायचे, "मुंबई दोन हात जवळ आली रे." डोक्यात रेल्वे शिरली ती तेव्हाच.

दोन वर्षांपूर्वी मावसभावाने मुंबईहून मुलासाठी (वय ७) एचओ मापाचा रेल्वे सेट आणला. इंजिन, दोन डबे, लंबगोल रूळ आणि कंट्रोलर. एक पावसाळा तो पडवीतल्या कपाटात राहिला. दिवाळीला काढला तर रूळ तांबडे. इंजिन दोन इंच जातं, थांबतं, बोटाने ढकललं की पुन्हा दोन इंच. मुलगा म्हणाला, "बाबा, ही लोकल आहे का?"

आता माडीवरची खोली मोकळी झाली आहे. लांबी १४ फूट, रुंदी ९. मधोमध ८ बाय ४ फुटांचं प्लायवुड टाकून त्यावर करायचा विचार आहे: करबुडे बोगदा, रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल, खाली खाडी, कोलाडसारखं ट्रक मालगाडीवर चढवायचं रो-रो, आणि एक मोठं स्टेशन. दोन पातळ्या, वरून एक लाईन आणि खालून एक. आलेखाच्या वहीत नकाशा काढलाय. बायकोने बघितला आणि विचारलं, "यात माणसं कुठे राहणार?"

सोल्डरिंग येतं, सुतारकाम जेमतेम. बजेट वीस हजारांच्या आसपास, तेही हप्त्याहप्त्याने. कुठून सुरुवात करू?

अर्धं_तिकीट (२ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

धाग्यात खुर्ची टाकून बसलोय. फोटो टाका.

सांधेवाला (३ फेब्रुवारी, सकाळी ६:०५)

चिरेबंदी, उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, निवृत्तीनंतर घरात लहान रूळ टाकले. म्हणून अधिकाराने बोलतो, राग मानू नका.

आधी पाढे म्हणू. एचओ म्हणजे १:८७, खरी गाडी ८७ पट लहान. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. भागिले ८७ केलं की पाऊणशे मीटर. तुमच्या माडीतून निघून परसू, गोठा, शेजाऱ्याची कलमं ओलांडून बहुधा पऱ्ह्यात उतरेल. पानवलचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. एचओत उंची ७४ सेंमी, लांबी जवळजवळ ४ मीटर ८७ सेंमी. तुमची खोलीच ४ मीटर २७ सेंमी आहे. एकटा पूल मावत नाही, आणि तुम्ही त्याच्याखाली खाडी नि शेजारी रत्नागिरी मांडताय.

दोन पातळ्यांचंही तेच. खालच्या गाडीवरून वरची न्यायची तर निदान ७ सेंमी चढावं लागतं. मॉडेलच्या इंजिनाला ३ टक्के चढ म्हणजे घाम. तरी तेवढा धरला तर नुसत्या चढाला २ मीटर ३३ सेंमी, उताराला पुन्हा तितकेच. खऱ्या कोकण रेल्वेने एवढे बोगदे आणि पूल बांधले ते चढ १५० ला १ च्या आत ठेवण्यासाठीच. त्यांनी डोंगर फोडून जे टाळलं ते तुम्ही प्लायवुडवर हौसेने करताय.

नकाशा फाडू नका. पण पहिला लेआउट म्हणून नको.

माडावरचो (३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०)

सांधेवाला काका सकाळी सहाक लोकांची स्वप्ना मोडूक बसतत 😄

चिरेबंदीनू, ता प्लायवुड मधोमध टाकूच नकात. कुडाळात माझ्याकडे ८ बाय ४ च होता. भिंतीक लावलंय तर पलीकडची गाडी पडली की हात पुरणा नाय, मधी ठेवलंय तर खोलीत माणूस फिरणा नाय. हात ७० सेंमीच्या पलीकडे जाणा नाय, ह्या मोजून ठेवा.

चिरेबंदी (३ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

काका, राग कसला. रात्रभर भागाकार करत बसलो. रत्नागिरीचं फलाटसुद्धा मावत नाही म्हणजे.

मग उरतं काय? लंबगोलात एक गाडी गरगर फिरवायची? तेवढ्यासाठी खोली अडवायची का?

सांधेवाला (४ फेब्रुवारी, सकाळी ६:१५)

हा प्रश्न बरोबर विचारलात. तुम्ही कोकण रेल्वेने किती वेळा मुंबईला गेलात? त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं?

चिरेबंदी (४ फेब्रुवारी, सकाळी ८:२०)

खरं सांगू? क्रॉसिंग. दिवा पॅसेंजर कुठल्याशा स्टेशनात बाजूच्या लाईनला घेऊन ठेवलेली. पंखे चालू, लोक खाली उतरून फलाटावर, कोणीतरी काकडी विकतंय. वीस मिनिटं, अर्धा तास. मग एकदम बोगद्यातून भोंगा, आणि समोरून एक्सप्रेस धाडधाड निघून जाते. सगळे धावत आपापल्या डब्यात.

सांधेवाला (४ फेब्रुवारी, सकाळी ८:३१)

झाला तुमचा लेआउट.

एकेरी मार्ग, एक लहान स्टेशन, एक लूप लाईन (मेन लाईनीतून फुटून पुन्हा तिलाच मिळणारी), दोन्ही टोकांना बोगदा. १४ फुटांच्या भिंतीला लावून दीड फूट रुंदीची फळी. मधले ८ फूट देखावा, म्हणजे स्टेशन. दोन्ही बाजूंना बोगद्यापलीकडे अडीच-अडीच फुटांच्या साध्या फळ्या, डोळ्याआड. तिथे गाडी जाऊन थांबते, हाताने इंजिन उचलून दुसऱ्या टोकाला लावायचं, की तीच गाडी परत यायला तयार. डाव्या फळीला "मुंबई" म्हणा, उजवीला "मडगाव".

गाडी मावते का पाहा. इंजिन २१ सेंमी धरलंय. आपला आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा २१ मीटर ३४ सेंमीचा, १:८७ ला साडेचोवीस सेंमी. दोन डबे ४९. कपलिंग धरून ७२. फळी ७६. बोगद्यातले वीसेक सेंमी जमेला धरले तर सुटसुटीत.

मुख्य फायदा: वळण नाही. साधारण हिशेब असा की वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी, म्हणजे तुम्हाला ७३ सेंमी. सेटमधल्या वळणांची त्रिज्या बहुतेक ३७ ते ४६ सेंमी असते. त्यावर लांब डबा गेला की त्याचं पोट बाहेर आणि बफर एकमेकांच्या उरावर.

पागोळी (४ फेब्रुवारी, सकाळी ११:०२)

सांधेवाला काकांना अनुमोदन, पण एक आक्षेप. मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला गाडी फिरायला हवी. क्रॉसिंगची वाट बघण्यात मजा आहे हे कळायला चाळिशी यावी लागते.

सांधेवाला (४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०)

ताई, गोल फिरणारी गाडी मूल चार दिवस बघतं, पाचव्या दिवशी मोबाईल. सांधा (गाडी एका लाईनीवरून दुसरीवर नेणारा) बदलायचं काम हातात दिलं की जेवायला बोलवावं लागतं.

पागोळी (४ फेब्रुवारी, सकाळी ११:२६)

माझ्या मुलीने तीन वर्षं गोलच फिरवली. असो. चिरेबंदी, जुना लंबगोल फेकू नका, जमिनीवर मांडू द्या त्याला. भिंतीवरचा तुमचा.

अर्धं_तिकीट (४ फेब्रुवारी, दुपारी १:१५)

जाता जाता, एचओच का? एन स्केलमध्ये (१:१६०) १४ फुटांत केवढं तरी बसेल. पानवलचा पूलसुद्धा ४० सेंमी उंच आणि २ मीटर ६५ लांब, म्हणजे भिंतीवर मावतोय की!

आणि शुद्धतावाद्यांसाठी: एचओचा रूळ १६.५ मिमी रुंद, तो परदेशातल्या १४३५ मिमीच्या हिशेबाने. आपला ब्रॉडगेज १६७६. म्हणजे १:८७ ला १९ मिमीच्या वर हवा. आपली गाडी त्या रुळांवर थोडी टाचा जुळवून उभी राहिल्यासारखीच दिसणार.

सांधेवाला (४ फेब्रुवारी, दुपारी १:४०)

एनमध्येही तेच, ९ मिमी असतो आणि आपल्याला साडेदहा हवा. त्याने झोप उडवू नका. इंजिन एचओचं घरात आहे, डबेही आहेत. शिवाय चाळिशीनंतर एनचं कपलिंग लावून बघा, मग बोलू. पूल दुसऱ्या लेआउटला.

चिरेबंदी (५ फेब्रुवारी, रात्री १०:३०)

ठरलं, भिंतीवरचं स्टेशन. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून १४ फुटांची पट्टी केली, त्यावर रूळ पेन्सिलने आखले आणि खरे डबे ठेवून पाहिले. लूपमध्ये गाडी उभी करून शेजारून दुसरी हाताने ढकलली. पोरगा तोंडाने भोंगा वाजवत होता. आलेखवहीत कळलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळलं: सांधा सुमारे २२ सेंमी खातो, आणि दोन लाईनींत मी फलाटालाच जागा सोडली नव्हती.

स्टेशनचं नाव कातळवाडी रोड. (गाव अर्थातच स्टेशनापासून ९ किलोमीटर.) काळ २०२२ च्या आधीचा, म्हणजे विजेच्या तारा नाहीत, डिझेल इंजिन.

आता तांबड्या रुळांचं काय करू? पॉलिश पेपर मारला, दोन दिवस गाडी पळाली, पुन्हा तेच.

पागोळी (६ फेब्रुवारी, सकाळी १०:१०)

पॉलिश पेपर ताबडतोब बंद. बारीक चरे पडतात, चऱ्यांत मळ आणि ओल बसते, गंज आणखी लवकर धरतो.

रुळाला चुंबक लावून बघा. चिकटला तर पोलादाचा. आपल्या हवेत पोलादी रूळ म्हणजे दरवर्षी रडणं. नवे घ्याल ते निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. चुंबकाला चिकटत नाही. काळपट पडला तरी वीज त्यामानाने कमी अडते. पितळेचाही टाळा, त्याच्यावरचा थर वीज अडवतो. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडका, बस.

आणि समुद्र दहा किलोमीटरवर असला तरी "आमच्याकडे खारी हवा नाही" असं म्हणू नका. खिडकीच्या कड्या बघा.

माडावरचो (६ फेब्रुवारी, सकाळी ११:००)

खाऱ्या हवेन माझी सायकल दोन पावसात खाल्ल्यान. रूळ काय सोडतली?

पागोळी (६ फेब्रुवारी, सकाळी ११:३५)

वायरिंगचं सांगून ठेवते, नंतर फळीखाली आडवं पडून करणं जिवावर येतं.

रुळाच्या तुकड्यांना जोडणाऱ्या पत्र्याच्या जोडण्यांवर विजेसाठी विसंबू नका. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्यात ओल शिरते आणि अधलामधला तुकडा मरतो. फळीखालून १.५ चौ. मिमीच्या घरगुती वायरीच्या दोन मुख्य तारा टाका, एक लाल, एक काळी. लूप लाईनचे सोडून बाकी प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून बारीक तारा वर आणून रुळाच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर करा. रूळ मात्र एकमेकांना सगळीकडे सोल्डर करू नका, कुठेकुठे मिलिमीटरभर फट ठेवा. रूळ तापून वाढतो त्यापेक्षा लाकूड पावसात जास्त फुगतं.

डीसीसी (डिजिटल कंट्रोल) आत्ता नको. त्यात रुळावर सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातल्या डिकोडरला (हुकूम ओळखणाऱ्या चिपला) वेगळा हुकूम जातो. छान प्रकार आहे, पण खर्च वाढतो. तुमचं काम साध्या १२ व्होल्ट डीसीवर होतं. सांधे घेताना असे घ्या की जिकडे वळवले त्याच लाईनला वीज देतात. मग लूपमध्ये पॅसेंजर उभी करून दोन्ही सांधे मेन लाईनला फिरवले की पॅसेंजर आपोआप मेलेली, एक्सप्रेस जिवंत. एका कंट्रोलरवर क्रॉसिंग.

२३० व्होल्ट भिंतीवरच्या प्लगपाशीच थांबवा. फळीखाली फक्त १२. मूल आहे घरात.

सांधेवाला (६ फेब्रुवारी, दुपारी १२:१०)

पागोळी ताई, आमच्या खात्यात असतात तर बढती दिली असती.

फळीसाठी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय, १२ मिमी, खाली सागाची किंवा जुन्या फणसाची चौकट. साधं कमर्शियल प्लाय कोकणात पापडासारखं होतं. कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवा, ओल तिथूनच शिरते. भिंतीला चिकटवू नका, बोटभर हवा खेळू द्या. वाळवी आली तर दिसेल तरी.

आणि एक प्रश्न: बोगद्यात गाडी पडली तर हात कुठून घालणार?

चिरेबंदी (६ फेब्रुवारी, रात्री ९:००)

वरचा डोंगर उचलता येईल असा करतो.

माडावरचो (२२ मार्च, रात्री ८:४५)

डोंगर कसो करतास? माझो सल्लो घेवा, गणपतीचे देखावे करून हात बसलो हा.

(आता सगळ्यांना समजेल असं लिहितो.) बांबूच्या कामट्यांची जाळी, त्यावर खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे थर. प्लास्टर पातळ मारा आणि लगेच रंगवा, उघडं ठेवलंत तर जुलैत पांढरी बुरशी. थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर सॉल्व्हंटवालं चिकट लावू नका, भोक पडून डोंगराचा ज्वालामुखी होतो. पांढरा फेविकॉल चालतो.

झाडांना पैसे घालवू नका. मोहोर गळून गेल्यावर आंब्याखाली वाळक्या काड्यांचे तुरे पडतात ना, ते गोळा करा. फेविकॉलच्या पाण्यात बुडवून उलटे टांगा, वाळले की रंगवलेला भुसा भुरभुरवा. याहून चांगलं झाड बाजारात नाही. भातशेतीला सुतळी, ११-१२ मिमी कापून उभी चिकटवायची. म्हणजे मीटरभर उंचीचं पीक.

आता माझी फजिती. रुळांखालच्या खडीला पुळणीवरची वाळू आणली. धुतली, वाळवली, चिकटवली. आठवड्यात इंजिन घरघरायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी पूड. आपल्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोखंड असलेली काळी खनिजं असतात. ती पूड चुंबकाने ओढून घेतली होती. जांभ्याची भुकटीही तशीच. कागदावर पसरा, खालून लोहचुंबक फिरवा, हलेल ते टाकून द्या. मीठ जायला निदान चार पाण्यांतून काढा. नाहीतर खडीवाल्याकडची काळ्या दगडाची कच चाळून वापरा, ती उत्तम, पण तिलाही चुंबक दाखवाच.

अर्धं_तिकीट (२३ मार्च, सकाळी ९:१५)

मोहोराच्या काड्या! __/\__ वाचनखूण साठवली.

चिरेबंदी, पुण्याला आलात तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय मुलाला दाखवा. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, एचओच आहे. तिथून परत येताना स्वतःच्या लेआउटबद्दल लाज वाटेल, पण दोन दिवसांत ओसरते.

चिरेबंदी (१८ मे, रात्री ११:२०)

प्रगती कळवतो. फळी झाली, रूळ टाकले, पागोळी ताईंच्या तारा टाकल्या. अकरा जागी सोल्डर, त्यातली एक उलटी: लाल काळ्याला. कंट्रोलरने दिवा विझवून निषेध केला. दोन तास शोधलं.

जांभ्याची भिंत पुठ्ठ्यावर रेघा मारून केली, एक चिरा ४-५ मिमीचा येतो. बायको आता स्वतःहून स्टेशनमागची वाडी करतेय. तिच्या विहिरीला रहाट आहे. माझ्या स्टेशनला अजून छप्पर नाही.

सांधेवाला (१९ मे, सकाळी ६:००)

रहाटाचा फोटो टाका. स्टेशनचा नको.

चिरेबंदी (२० जुलै, रात्री १०:०५)

काका, तुमचा फेब्रुवारीतला प्रश्न आठवतोय? बोगद्यात हात कुठून घालणार?

बाजूच्या फळ्यांना मी पैसे वाचवायला जुन्या कपाटाचं कमर्शियल प्लाय वापरलं. मधलं ७१० जागचं हललं नाही, "मुंबई"ची फळी पावसाने फुगली. जोडावर रूळ मिलिमीटरभर उचलला, आणि जोड नेमका बोगद्याच्या आत. एक्सप्रेस तिथे जाऊन आडवी. डोंगर उचलता येतो खरा, पण बायकोने तोवर त्यावर आठ झाडं, एक देऊळ आणि गुरं लावली आहेत. "डोंगर उचलायचा नाही," असा हुकूम आहे.

सांधेवाला (२१ जुलै, सकाळी ६:१०)

जोड बोगद्याबाहेर सरकवा, फळी ७१० ची करा. बोगद्याची मागची बाजू कापून उघडी ठेवा, भिंतीकडून हात जाईल एवढी. तोवर पावसाळी वेळापत्रक लावा. खऱ्या रेल्वेचंही लागलंय, गाड्या जपूनच धावतायत.

चिरेबंदी (४ सप्टेंबर, रात्री ११:४८)

जोड सरकवला. मागची बाजू कापली, फळी आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर ठेवलं. गौरी-गणपतीला चाकरमानी आले, घरात बावीस माणसं. आरती झाल्यावर सगळी माडीवर.

पॅसेंजर लूपला घेतली. मुलाने मडगावच्या बाजूचा सांधा फिरवला, मी मुंबईच्या बाजूचा. पॅसेंजर मेली. मग मी मुद्दाम काही केलं नाही, नुसता उभा राहिलो. मिनिटभर कोणी बोललं नाही. काकू म्हणाली, "लाईट गेली काय?" मुलगा म्हणाला, "नाही आजी, क्रॉसिंग आहे."

मग सोडली एक्सप्रेस. मावसभाऊ, तोच सेट आणणारा, म्हणाला, "दादरला अठरा तास रांगेत उभा राहून तिकीट मिळालं नाही, आणि तू इथे अख्खी गाडी रिकामी पळवतोयस."

एकच काम राहिलंय. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची आहे. कातळवाडी रोडला किती टाकू?

सांधेवाला (५ सप्टेंबर, सकाळी ६:०२)

फळीची उंची जमिनीपासून किती?

चिरेबंदी (५ सप्टेंबर, सकाळी ७:३०)

१ मीटर १० सेंमी. माडीची जमीन धरून साडेचार मीटर.

माडावरचो (५ सप्टेंबर, सकाळी ७:४१)

गुणिले ८७ करा काका. पाढे तुमका येतत.